पहिली गाडी घ्यायचीय. हप्ता गाड्या चकाचक करून निघेल का?

मांजराकाठ · लातूर · नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. वय २३, आयटीआय मोटर मेकॅनिक, सध्या एमआयडीसीत एका दाल मिलच्या मेंटेनन्सला आहे. हातात येतात १५ हजार. गावाकडं तीन एकर आहे, पण यंदा सोयाबीन पाण्यात गेलं, त्यामुळं घरी पैशाचा विषय काढायची सोय नाही. साठवलेले ९० हजार आहेत.

एक वॅगनआर बघून आलो. २०१२ ची, पेट्रोल, एमएच-२४ पासिंग, ८२ हजार किलोमीटर. मालक दोन लाख साठ म्हणालाय. फायनान्सवाला दोन लाख द्यायला तयार आहे, "फक्त नऊ टक्के" म्हणतो, तीन वर्षं. गाडी हौसेसाठी नाही. आबांना महिन्यातून दोनदा दवाखान्यात आणावं लागतं, दर खेपेला भाड्याच्या गाडीचे १२०० जातात.

आता मुद्दा. दिवाळीत मामांची स्विफ्ट दोन दिवस बसून घासली. आतलं सगळं काढून सीट धुतल्या, बाहेरून मेण लावलं. मामांचे साडू म्हणाले, नवी घेतली का काय. तेव्हापासून चार जण गाडी घेऊन आले आणि प्रत्येकानं न मागता ५०० दिले. म्हणून विचार करालो की गाडी घ्यावी, तिच्यात प्रेशर मशीन टाकावं आणि सुट्टीच्या दिवशी घरोघरी जाऊन डिटेलिंग करावं. हप्ता त्यातून निघेल का? का मी दिवसा स्वप्नं बघालो?

उदगिरी बाबू

इसार दिला नाहीस ना अजून? नसशील दिला तर मिस्त्री येऊन बोलेपर्यंत हात खिशातच ठेव.

बाकी घे बिनधास्त. २०१० ला संभाजीनगरकरांनी एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, ६५ कोटींचा सौदा. लातूरकरानं एक वॅगनआर घेतली तर काय आभाळ कोसळत नाही.

जालन्याचा मिस्त्री

आलो बाबा.

२०१२ म्हणालास, तर पहिल्यांदा आरसीवर नोंदणीची तारीख बघ. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे २०२७ ला ती संपणार. मग तपासणी, फेरनोंदणी आणि वर ग्रीन टॅक्स, म्हणजे जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर. तुझं कर्ज चालणार २०२८ पर्यंत. हप्ते चालू आणि कागद संपलेले, असा प्रकार होईल. दोन-तीन वर्षं अलीकडची गाडी बघ, भले छोटी असू दे.

गाडी बघायला सकाळी जायचं आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगायचं, मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर समज, थंड इंजिनाचा काहीतरी आजार तुझ्यापासून लपवायचा होता. पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमागं उभा राहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधल्या पट्टीचा संशय घे.

८२ हजारांवर विश्वास ठेवायच्या आधी पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची कातडी बघ. आकडा मागं फिरवता येतो, रबर नाही.

आणि यंदा हे जास्त महत्त्वाचं. सप्टेंबरात मांजरा, तेरणा, सिंदफणा, सीना या नद्या कुठं कुठं शिरल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पाण्यात बसलेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येणार, थोड्या आल्याही आहेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. आत गुंडाळलेला शेवटचा वीतभर पट्टा कुणी धूत नाही, तिथं गाळाची रेघ सापडते. सीट ज्या बोल्टांवर बसते ते बोल्ट, स्टेपनीचा खड्डा, डॅशबोर्डच्या खालची वायरिंग, एवढं टॉर्च लावून बघ. गाडीत अत्तराचा भपका आला की मी आधी पायातली मॅटिंग उचलतो.

कागदाचं थोडक्यात सांगतो. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, गाडीवर कर्ज असेल तर ते उतरवायचा ३५ आणि बँकेची एनओसी. चेसिस नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळव, एजंटच्या तोंडावर जाऊ नको. चलन थकलंय का ते परिवहनच्या साइटवर दिसतं. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरची पाटी बसवलीय का बघ. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला टाकायचा. आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, त्याचीच असते, ती तुला मिळणार नाही. एजंट "मिळेल" म्हणेल.

भाव करताना एक हत्यार आहे. २२ सप्टेंबरपासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आलाय. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीनं पण खाली यायला पाहिजे. मालकाला हे शांतपणे सांगायचं आणि मग गप बसायचं.

खातेवही · धाराशिव

मिस्त्रींनी गाडी तपासली, मी फायनान्सवाल्याचे नऊ टक्के तपासतो. हे नऊ "फ्लॅट" आहेत का ते विचार. बहुतेक असणारच.

दोन लाखांवर नऊ टक्क्यांनी वर्षाला १८ हजार, तीन वर्षांचे ५४ हजार. हप्ता बसतो ७,०५६. आता गंमत अशी की तू दर महिन्याला मुद्दल फेडतोयस आणि व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण दोन लाखांवर देतोयस. घटत्या शिलकीवर मांडलं तर हा दर सोळा टक्क्यांच्या वर जातो. बँकेनं घटत्या शिलकीवर १४ टक्के लावले तरी हप्ता ६,८३६ येतो. म्हणजे बँकेचे चौदा याच्या नवापेक्षा स्वस्त! आकडा कानाला गोड लागतो म्हणून सही करू नको, एकूण किती परत द्यायचे ते विचार.

दुसरं, जरा कडू. १५ हजार पगारात सात हजारांचा हप्ता म्हणजे निम्मा पगार. धंदा चालेल असं धरून हप्ता घ्यायचा नाही. पगारात जेवढा झेपतो तेवढाच घ्यायचा, धंद्याचं आलं तर वरकड. आणि धंद्याला गाडी लागतेच कुठं? माझ्या गल्लीतला पोरगा मोटारसायकलवर पाठीमागं क्रेट बांधून मशीन, दोन बादल्या आणि व्हॅक्यूम नेतो. आबांसाठी गाडी घेतोयस ना, मग तिला आबांची गाडी म्हण. अवजारांना पैसे कमी पडले तर मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत बिनतारण मिळतात, बँकेत चार चकरा मारायची तयारी ठेव.

शेवटचं. गाडी दारात आली की "जरा तुळजापूरला सोडतोस का, डिझेल-पेट्रोलचे देतो, वर ५०० देतो" असं सुरू होईल. पांढऱ्या पाटीच्या गाडीनं भाडं मारायचं नाही. पकडलं तर दंड आहेच, पण अपघात झाला तर विमा कंपनी त्याच मुद्द्यावर हात वर करते.

फुफाटा · वाळूज

नऊ वर्षं हेच करतोय, म्हणून सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

आधी एक भ्रम काढ. धुण्यात पैसा नाही. वॉशिंग सेंटरवाला अडीचशेत धुतो, त्याच्याशी तू भांडू शकत नाहीस आणि भांडू पण नको. तो करत नाही ते तू कर. सेंटरवर कपड्याची पावडर, सकाळपासून तोच स्पंज आणि खालून डिझेलचा फवारा. पावडर मेण उतरवते, स्पंजात अडकलेली माती रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा उठवते, डिझेल खालच्या रबराच्या बुशांना खातं. गिऱ्हाईकाला हे उन्हात गाडी उभी करून, बॉनेटवर मोबाइलचा टॉर्च मारून एकदा दाखव. त्याला स्वतःच्या गाडीवर दिसलं की पुढं बोलावं लागत नाही.

आपल्याकडचे खरे दुश्मन दोनच. फुफाटा आणि बोरचं पाणी.

काळी माती वाळली की सिमेंट होते. तिच्यावर कोरडं फडकं फिरवलंस तर रंगावर सँडपेपरच फिरवलास. आधी भिजव, पाच मिनिटं मुरू दे, प्रेशरनं खाली पाड, मग हात लाव. दोन बादल्या, एक शांपूची आणि एक हात खळबळायची. वरून खाली यायचं, चाकांचं फडकं वेगळं. जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा रंगाला लावायचं नाही, कितीही महागाचं असू दे.

बोरच्या पाण्यात क्षार. उन्हात गाडी धुतली की पाणी उडतं आणि क्षार रंगावर बसतो, ते पांढरे ठिपके. नवे असतील तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, फडक्यानं लाव, मिनिटभरात धुऊन टाक. जुने ठिपके रंगात रुतलेले असतात, ते पॉलिशशिवाय जात नाहीत. म्हणून काम सकाळी नऊच्या आत नाहीतर सावलीत. शेवटचं पाणी जारचं वापर, २० लिटरचा एक जार दोन गाड्यांना पुरतो. काही हुशार लोक आरओ प्लांटचं फेकायचं पाणी फुकट आणतात. तसलं करू नको. प्लांटनं काढलेला सगळा क्षार त्यातच असतो, ते बोरपेक्षा वाईट.

पॉलिशिंग मशीनची घाई नको. हे मी स्वतःच्या खिशातून शिकलोय. पहिल्या वर्षी रोटरी मशीन, म्हणजे एकाच जागी गरगर फिरणारं, घेतलं आणि एका ओळखीच्या माणसाच्या बॉनेटची कड जाळली. वरचा क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा बारीक. कडेवर तो आणखी पातळ. रोटरी तिथं दोन सेकंद जास्त थांबली की खालचा रंग दिसतो. पेंटिंगचे साडेतीन हजार मी भरले आणि तो माणूस आजही लग्नात भेटला की सगळ्यांसमोर विचारतो, काय मशीन चाललंय का. तू भंगारातून एक बॉनेट आण, ३००-४०० ला मिळतं, त्याच्यावर महिनाभर हात बसव. मशीन ड्युअल ॲक्शन घे, म्हणजे फिरता फिरता हलणारं. तेही नंतर.

सुरुवात आतल्या कामानं कर. पाणी कमी लागतं, रंग जळायची भीती नाही आणि गिऱ्हाईकाला फरक लगेच दिसतो. व्हॅक्यूम, दोन-तीन मऊ ब्रश, साफ करायचं लिक्विड, मायक्रोफायबर. आपल्या भागात काय सापडेल ते सांगतो. सीटच्या फटीत साबुदाणा, अंगाऱ्याच्या पुड्या, लहान पोराचा एक सॉक्स. ड्रायव्हरच्या दाराला बाहेरून गुटख्याचे ओघळ, आतून पण असतात. खेड्यातल्या गाडीचं बॉनेट उघडलंस तर उंदराचं घरटं निघेल. ते नुसतं साफ करू नको. मालकाला बोलवून कुरतडलेली वायर दाखव, नाहीतर उद्या गाडी बंद पडली की नाव तुझं.

काम घेताना गाडीभोवती फिरून एक व्हिडिओ काढायचा, मालकासमोर. जुने ओरखडे आधीच बोलून दाखवायचे. गाडीत सापडलेलं सगळं, अगदी रुपयाचं नाणंसुद्धा, एका पिशवीत घालून परत द्यायचं. माझी निम्मी गिऱ्हाइकं त्या पिशवीनं आणलीत.

सिरॅमिक कोटिंगच्या नादाला वर्षभर लागू नको. बाटलीवर "नऊ एच" असा कडकपणाचा आकडा लिहिलेला असतो आणि लोकांना वाटतं आता ओरखडा पडणारच नाही. पडतो.

बार्शी रोड · लातूर

सगळं खरं हो, पण लातुरात बसून गाड्या धुवायच्या गप्पा? २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालोय आपण. आमच्या गल्लीत अजून टाकी भरली की बायका वरून ओरडून सांगतात. तिथं हा मशीन लावून गाडी धुणार आणि लोक बघत बसणार?

फुफाटा · वाळूज

रास्त आहे. म्हणूनच प्रेशर मशीन आधी घेऊ नको म्हणतो. ते मिनिटाला सहा-सात लिटर ओढतं, १५ अँपियरचं प्लग लागतं आणि बादलीतून पाणी ओढेल का ते पण मशीनवर अवलंबून. नुसत्या धुळीच्या गाडीला रिन्सलेस लिक्विड चालतं. बादलीत थोडंसं टाकायचं, आठ-दहा लिटरात अख्खी गाडी होते, वरून धुवावी लागत नाही. चिखलाच्या गाडीला मात्र हे चालत नाही, तिला आधी भिजवावंच लागतं. उन्हाळ्यात तू गल्लीत "अर्ध्या बादलीत गाडी" म्हणून सांग, बायका ओरडणार नाहीत.

गोदातीरी · नांदेड

मी गिऱ्हाइकाच्या बाजूनं लिहिते. तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या पगारातून पहिली गाडी घेतली. धुवायला सेंटरवर एकदाच गेले. दीड तास प्लास्टिकच्या खुर्चीत, आजूबाजूला दहा जण, त्यातले आठ नुसते बसलेले. पुन्हा गेले नाही. दारात येऊन नीट काम करणारा, वेळ सांगून त्या वेळेला येणारा कुणी असेल तर मी सेंटरच्या दुप्पट देईन. माझ्या शाळेतल्या निदान पाच जणी देतील.

आणि मांजराकाठ, तुम्ही लातूरला आहात म्हणून एक सुचवते. माझा मुलगा तिथं क्लासला आहे. रविवारी आम्ही डबा घेऊन जातो. गाडी हॉस्टेलसमोर चार-पाच तास उभी असते आणि आम्ही खोलीत त्याच्याशी बोलत, त्याचे कपडे आवरत बसतो. त्या गल्लीत रविवारी अशा चाळीस गाड्या असतात, सगळ्या जिल्ह्यांच्या पाट्यांच्या. २२, २६, ३८, ५५. आजवर कुणीही येऊन विचारलं नाही की ताई, गाडी आतून साफ करून ठेवू का?

उदगिरी बाबू

ताईंनी अख्खा धंदा फुकट सांगितला. ५५ मधल्या माझ्या गाडीचा पण विचार करा हो.

मांजराकाठ · फेब्रुवारी २०२६

मंडळी, उशीर झाला, माफी. सगळ्यांचं ऐकलं, थोडं नाही ऐकलं.

ती वॅगनआर सोडली. सांगून पण मी गेलो तेव्हा बॉनेट गरम होतं. मालक म्हणाला, पोरगं दूध आणायला गेलं होतं. असेल पण. मी चहा पिऊन आलो.

डिसेंबरात औशाच्या एका निवृत्त गुरुजींची २०१५ ची अल्टो मिळाली. एक लाख पंच्याऐंशीत. सर्व्हिसिंगच्या सगळ्या पावत्या तारखेनं लावून फाइल केलेल्या, वर टायर बदलल्याच्या नोंदी लाल पेननं. जीएसटीचं हत्यार काढलं, तर गुरुजींनीच मला जीएसटी समजावून सांगितला आणि भाव तिथंच राहिला. एक लाख वीस हजार कर्ज, १२ टक्के घटत्या शिलकीवर, हप्ता ३,९८६. खातेवही दादा, पगारात झेपतो. आबा पुढच्या सीटवर बसले आणि औशापासून घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. उतरताना दार इतकं हळू लावलं की ते लागलंच नाही.

उरलेल्या २५ हजारांत नावावर करायचा खर्च, व्हॅक्यूम, लिक्विड, ब्रश, वीस फडकी. प्रेशर मशीन नाही. भंगारातलं बॉनेट आणलंय, आई त्याच्यावर मिरच्या वाळवते.

हिशोब: डिसेंबरात नऊ गाड्या, ५,४०० आले. जानेवारीत चौदा, ९,८५०. सामान आणि पेट्रोल जाऊन जानेवारीत हातात साडेसहा राहिले. यात तीन पाहुण्यांच्या गाड्या धरल्या नाहीत, त्यांनी "वा" म्हणून पाठीवर थाप दिली. हॉस्टेलच्या गल्लीत पहिल्या रविवारी दोन तास नुसता उभा होतो, विचारायची लाज वाटली. शेवटी वॉचमनच म्हणाला, काय चोरी करायला आलास का? त्यालाच सांगितलं. त्यानं एक गाडी मिळवून दिली आणि ५० मागितले. आता त्याचे ५० ठरलेले आहेत. आतल्या कामाचे ६०० घेतो, सीट ओल्या धुवायच्या तर ११००, पण त्या रविवारी नाही. वाळत नाहीत, लोकांना संध्याकाळी परत जायचं असतं. हे एका परभणीच्या काकूंच्या ओल्या झालेल्या साडीवरून कळलं.

वाईट एवढंच की रविवार गेला. सलग अकरा रविवार घरी जेवलो नाही.

खातेवही · धाराशिव

पाहुण्यांच्या तीन गाड्या वहीत लिही. रक्कम शून्य टाक, पण लिही. वर्षाच्या शेवटी कुणाच्या दारात किती वेळा उकिडवा बसलास ते दिसेल. आणि महिन्यातून एक रविवार बंद ठेव, वॉचमनला आधी सांगून.

जालन्याचा मिस्त्री

गुरुजींच्या फाइलीचे पाच हजार जास्त दिले असतेस तरी चाललं असतं. टायमिंग, क्लच, कूलंट कधी बदललं ते लिहिलेलं आहे का बघ आणि पुढचं तू लिहीत जा. लाल पेननं.

मांजराकाठ · मार्च २०२६

एक तातडीचं. पाडव्याला एकानं नवी पांढरी गाडी आणली. आजीनं बॉनेटवर हळदीचं स्वस्तिक काढलं, कालवून, चांगलं जाड. दुसऱ्या दिवशी मालकानं कपड्याची पावडर लावून घासलं तर पिवळ्याचं लाल झालं. आजी म्हणते अपशकुन. मालक म्हणतो रंग गेला. मला बोलावलंय. पॉलिश मारू का?

फुफाटा · वाळूज

थांब, मशीनला हात लावू नको. रंग गेलेला नाही. हळद क्षाराला लागली की लाल होते, पावडरमध्ये क्षार असतो. आंघोळीच्या साबणानं पण होते, आजींना त्यांच्या हळदीच्या पातळाची आठवण करून दे. साध्या पाण्यानं आणि गाडीच्या शांपूनं पावडर पूर्ण काढ, लाली उतरून पुन्हा पिवळं दिसेल. मग गाडी उन्हात उभी कर. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. दोन-चार दिवसांत फिका पडत जाईल. मग राहिलंच काही तर हातानं हलकं पॉलिश.

मांजराकाठ

धुतलं. पिवळं झालं. आजी खूश, शकुन परत आला म्हणाल्या. आता गाडी तीन दिवस उन्हात ठेवा म्हणालो तर मालक विचारतोय, याचे किती?

उदगिरी बाबू

उन्हाचे पैसे लातुरात? मार्चात?

फुफाटा · वाळूज

धुतल्याचे ३०० घे. ऊन मराठवाड्याकडून.

बार्शी रोड · लातूर

किती पाणी लागलं ते सांगितलं नाही कुणी.

मांजराकाठ

पाऊण बादली, काका. आजींनी मोजून दिलं.